खिशातील चाकू आणि कायद्याचे कलम

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात कोयता खांद्यावर टाकून फडाकडे निघालेल्या तोडकऱ्याकडे, अथवा छाटणीची कात्री कमरेस खोचून डाळिंबाच्या बागेत हिंडणाऱ्या बागायतदाराकडे, कोणी वळूनही पाहत नाही, परंतु एस. टी. स्थानकावर, पेरू चिरण्याच्या निमित्ताने का होईना, एखाद्या तरुणाच्या खिशातून घडीचा चाकू खटकन उघडला, की शेजारचा प्रवासी पिशवी उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकास सरकतो. आजोबांच्या चंचीतील अडकित्त्यास मात्र हा संशय कधी शिवला नाही. पुणे शहरातील कोयताधारी टोळ्यांच्या वार्तांनी अलीकडे ही धास्ती वाढविली आहे, आणि ती अगदीच अनाठायी म्हणवत नाही.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत गणलेली असून घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाची अवजारे त्यांतून वगळली आहेत. तथापि लहान चाकूवाल्याने एवढ्यावर निर्धास्त राहू नये. कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये मनाई हुकूम जारी असता सुरेच काय, काठ्या-लाठ्या बाळगण्यासही बंदी घालता येते, आणि हुकुमाचा भंग कलम १३५ खाली कैदेच्या शिक्षेस पात्र ठरतो. सबब, बागेचा चाकू मिटवून अवजारांच्या पिशवीतच ठेवावा, आणि यात्रा-निवडणुकीच्या दिवसांत मनाई हुकूम लागू आहे काय, याची पोलीस ठाण्यात आधी चौकशी करावी.