लॅपटॉप थकतो की तापतो?

विज्ञानविषयक कार्यक्रमांच्या निमित्ताने जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शाळांमध्ये आमचे अधूनमधून जाणे होते. व्याख्यान संपले की प्रश्नोत्तरे सुरू होतात. बहुतेक प्रश्न खोडदच्या दुर्बिणीविषयी किंवा कृष्णविवरांविषयी असतात. गेल्या मे महिन्यात मात्र मंचरच्या पूर्वेकडील एका गावात अकरावीतला एक विद्यार्थी सगळे पांगेपर्यंत थांबून राहिला आणि मग हळूच म्हणाला, "सर, माझ्या लॅपटॉपवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ पहिली दहा मिनिटे चांगला चालतो. मग गाडी झटके देत पळायला लागते. असे का होत असेल?"

प्रश्न खेळाचा होता, पण त्यामागची अडचण साधी नव्हती. लॅपटॉप आठ वर्षांचा, चाकणला नोकरी करणाऱ्या मामेभावाने दिलेला. त्याच लॅपटॉपवर मुलाची थोरली बहीण सामाईक प्रवेश परीक्षेच्या सराव चाचण्या सोडवत होती. आता त्याही मध्येच अडखळू लागल्या होत्या. दुकानदाराने "मशीन म्हातारे झाले, नवे घ्या" असे सांगितले होते आणि "तुझ्या खेळानेच त्याची वाट लागली" असा घरच्यांचा ठपका होता. या भागात ऊस उभा असला की बिबट्याच्या भीतीने दिवेलागणीनंतर मुलांना बाहेर सोडत नाहीत. तेव्हा घरात बसून खेळणाऱ्या मुलाला फार दोषही देता येत नाही.

पहिली दहा मिनिटे चांगली जातात, हे त्याचे निरीक्षण आम्हांला महत्त्वाचे वाटले. यंत्र खरोखरच निकामी झाले असते, तर ते पहिल्या मिनिटापासून मंद चालले असते. दहा मिनिटांत लॅपटॉप म्हातारा होत नाही. दहा मिनिटांत तो तापतो.

सेकंदाला किती चित्रे?

चित्रपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे दाखवली जातात आणि आपल्याला हालचालीचा भास होतो. खेळातही तसेच असते. फरक इतकाच, की चित्रपटातील चित्रे आधीच तयार असतात, तर खेळातील प्रत्येक चित्र त्या क्षणी गणित करून काढावे लागते, कारण खेळणारा गाडी कोठे वळवणार हे आधी ठाऊक नसते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रे पुरणार असतील, तर ३३.३ मिलिसेकंद. हे काम वेळेत झाले नाही, की आधीचेच चित्र पडद्यावर राहते आणि गाडी झटका घेते.

एका चित्रात किती बिंदू रंगवायचे? १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार. १२८० × ७२० हा पर्याय निवडला, तर सुमारे ९ लाख २२ हजार, म्हणजे निम्म्याहूनही कमी. प्रत्येक बिंदूचे गणित लहान आणि जवळपास सारखेच असते. म्हणून ते हजारो बिंदूंसाठी एकाच वेळी करणारा वेगळा गणनयंत्रभाग संगणकात असतो. त्याला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात.

याचे एक मोठे उदाहरण या परिसरातच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे केंद्र असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतील प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी गुणून पाहावे लागतात. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ३० × २९ ÷ २ = ४३५. एकाच तऱ्हेचे गणित अनेक संख्यांवर एकाच वेळी करायचे असल्याने, दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत यासाठी ग्राफिक्स प्रोसेसर वापरले आहेत. खेळांसाठी वाढीला लागलेले हे तंत्र असे खगोलशास्त्राच्या कामी आले. तेव्हा खेळ का अडतो, हा प्रश्न कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

प्रोसेसर स्वतःहून मंद का होतो?

प्रोसेसरमध्ये हलणारा भाग नसतो. बैलगाडीचा आस झिजावा तसा तो वापराने झिजत जाऊन मंद होत नाही. मात्र त्याला दिलेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेर उष्णतेत बदलते. नखाएवढ्या तुकड्यात २०-३० वॅट उष्णता निर्माण झाली आणि ती बाहेर गेली नाही, तर तो जळून जाईल. म्हणून त्यात तापमापक बसवलेला असतो. तापमान ठरावीक मर्यादेला पोहोचले, की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. बऱ्याच लॅपटॉपांत ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते.

वेग कमी केल्याने उष्णता किती कमी होते? प्रोसेसरच्या कामातून होणारी उष्णता मुख्यतः व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. वेग २० टक्क्यांनी उतरवला आणि त्याबरोबर व्होल्टेजही १० टक्क्यांनी उतरवले, तर ०.९ × ०.९ × ०.८ = ०.६४८. म्हणजे वेगात पाचव्या हिश्शाची घट करून उष्णतेत तिसऱ्या हिश्शाहून अधिक घट झाली. जीव वाचवण्यासाठी केलेला हा फायद्याचा सौदा आहे. आपण ज्याला बिघाड म्हणतो, ते बहुधा यंत्राचे संरक्षण असते.

उष्णतेचा पाट

प्रोसेसरवर उष्णतावाहक लेपाचा पातळ थर असतो. त्यावर तांब्याची चपटी नळी टेकलेली असते. नळीत अगदी कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. ते गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होते आणि आपली अप्रकट उष्मा तेथे सोडते. त्या टोकाला धातूच्या बारीक पात्यांची जाळी असते व तिच्यातून पंखा हवा ढकलतो.

कुकडीच्या पाटाचे उदाहरण घेऊ. पाटाला उतार जितका जास्त, तितके पाणी जास्त वाहते. आणि पाटात गाळ साचला, की उतार तोच असूनही पाणी कमी येते. उष्णतेच्या पाटाचा उतार म्हणजे प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतील फरक. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश धरा. खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंश. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली ४० अंशांवर गेली, तर फरक ५५ अंश. म्हणजे यंत्र अगदी स्वच्छ असूनही बाहेर जाऊ शकणारी उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी घटली. हिवाळ्यातल्या सकाळी चालणारा खेळ उन्हाळ्यातल्या दुपारी का चालत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

पाटातला गाळ म्हणजे धूळ. पंखा आणि पाती यांच्यामध्ये धूळ व कपड्यांचे तंतू साचून नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा जोराने फिरतो, आवाज वाढतो, पण हवा जात नाही. दुसरा गाळ म्हणजे सुकलेला लेप. लेप वाळून भेगाळला, की तेथे हवा शिरते आणि तांब्याच्या तुलनेत हवेची उष्णतावाहकता सुमारे पंधरा हजार पटींनी कमी असते. म्हणून केसाएवढी फटही महागात पडते.

एका वेळी एकच बदल

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. लॅपटॉप कोठे ठेवून खेळतोस, असे विचारल्यावर त्याने पलंगावरची गोधडी दाखवली. हवा आत घेण्याची भोके लॅपटॉपच्या तळाशी होती आणि गोधडीने ती सगळी बुजत होती.

तरीही आम्ही लगेच काही बदलले नाही. आधी मोजले. तापमान, प्रोसेसरचा वेग आणि सेकंदाला दिसणारी चित्रे दाखवणारी सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. गोधडीवर ठेवून खेळ सुरू केला आणि दर मिनिटाला आकडे वहीत लिहिले. आठव्या मिनिटाला तापमान मर्यादेला टेकले, प्रोसेसरचा वेग घसरला आणि पन्नासच्या आसपास असलेली चित्रे विशीवर आली. हे तिन्ही एकाच वेळी घडले. संशयाला पुरावा मिळाला.

यंत्र निवल्यावर ते टेबलावर ठेवले आणि मागच्या कडेखाली दोन खोडरबर सरकवले. घसरण आठव्याऐवजी सतराव्या मिनिटाला आली. मग यंत्र बंद केले, चार्जर काढला, तळाचे झाकण उघडले, बॅटरीची जोडणी सोडवली आणि पंख्याची पाती बोटाने धरून रंगाच्या मऊ कुंचल्याने धूळ काढली. पुढच्या वेळी अर्धा तास खेळूनही वेग घसरला नाही. शेवटी खेळाच्या मांडणीत सेकंदाला ३० चित्रे अशी मर्यादा घातली. काम कमी झाल्याने उष्णताही कमी झाली आणि खेळ आणखी संथ, पण एकसारखा चालला. मधूनच ५० व मधूनच २० यापेक्षा सतत ३० डोळ्यांना बरे वाटतात.

हे सगळे बदल एकदम केले असते, तर कशाने किती फरक पडला हे कळले नसते.

दोन इशारे आवश्यक आहेत. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरने धूळ उडवू नये. त्या हवेत पाणी व तेल असू शकते आणि पंखा नको तितक्या वेगाने फिरतो. आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर ती दाबू नये, टोचू नये. यंत्र वापरणे थांबवून ते जाणकाराकडे न्यावे. लेप बदलण्याचे कामही सवय नसल्यास जाणकारावरच सोपवावे.

उष्णता नसेल तर?

प्रत्येक मंद लॅपटॉप तापलेलाच असतो असे नाही. लक्षणांवरून कारण ओळखावे.

१. खेळ सुरुवातीपासून सारखाच मंद असेल, तर त्याची मागणी यंत्राच्या ताकदीबाहेरची आहे. पडद्यावरील बिंदू, सावल्या व इतर सजावट कमी करावी. विजेची बचत करणारी मांडणी चालू नाही ना, हेही पाहावे. काही लॅपटॉप कमी वॅटचा किंवा न ओळखलेला चार्जर लावला तरी वेग कमी ठेवतात.

२. खेळ मध्येच क्षणभर गोठून पुन्हा नीट चालत असेल, तर मेमरी अपुरी पडून यंत्र हार्ड डिस्ककडे धाव घेत असते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकापुढे येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद, शिवाय वाचक सरकवण्याचा वेळ वेगळा. एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंदच असतात, हे आठवावे. एसएसडीमध्ये काहीच फिरत नसल्याने हा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या घरात येतो. जुन्या यंत्रावर खर्च करायचाच असेल, तर तो बहुधा येथे करावा. मेमरीची दुसरी जागा रिकामी असेल, तर तेथे जोडीची पट्टी बसवावी. ज्या लॅपटॉपांत ग्राफिक्सला स्वतंत्र मेमरी नसते, त्यांना त्याने दुहेरी लाभ होतो.

३. चित्रांचा आकडा चांगला, पण इतर खेळाडूंच्या गाड्या उड्या मारत असतील, तर दोष मोबाइलवरून घेतलेल्या इंटरनेट जोडणीचा आहे. त्यासाठी लॅपटॉप उघडू नये.

या सगळ्यालाही मर्यादा आहे. स्वच्छतेने यंत्राची गमावलेली ताकद परत येते, नवी ताकद येत नाही. आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपने आजचा सर्वांत जड खेळ पेलावा, ही अपेक्षा चुकीची ठरेल.

वर्गात करण्याजोगे

लॅपटॉप न उघडताही हा विषय शिकवता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक पेला टेबलावर ठेवा, दुसरा गोधडीत गुंडाळा. दोन्हींत तापमापक ठेवून दर दोन मिनिटांनी नोंद करा व आलेख काढा. मग टेबलावरच्या पेल्यावर पंखा लावून प्रयोग पुन्हा करा. दहावीच्या मुलांना तापमानातील फरक म्हणजे विभवांतर आणि उष्णतेचा प्रवाह म्हणजे विद्युतधारा, असे सांगून ओहमच्या नियमाशी सांगड घालता येईल. धूळ म्हणजे रोध, हे मग मुले आपणहून सांगतात.

त्या घरी आम्ही निघालो, तेव्हा मुलाने आकड्यांची वही वडिलांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, "म्हणजे खेळाने बिघडला नाही?" आम्ही म्हटले, "खेळामुळे तापत होता, हे खरे. पण गोधडी आणि धूळ नसती, तर त्याला ते सोसले असते." लॅपटॉप मोडीत निघाला नाही. आता टेबलावर आधी बहिणीच्या सराव चाचण्या होतात आणि मग शर्यत, असे त्या घरात ठरले आहे.