1948 च्या मराठवाड्याचे ‘रंगीत’ फोटो: त्यातला रंग आला कुठून?

17 सप्टेंबर जवळ आला की आपल्या ग्रुपवर जुन्या मराठवाड्याचे रंगीत फोटो फिरायला लागतात. बाजारातल्या बैलगाड्या, घागरी घेतलेल्या बायका, फेटेवाले शेतकरी. खाली ओळ असते, ‘नांदेड, 1947’ किंवा ‘लातूर, निजामाच्या काळात’. मी लातूरचा आणि काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे नातेवाईक हमखास विचारतात, ‘हे खरंय का रे?’

तर मंडळी, रंगीत फिल्म तेव्हा होती. कोडॅकची कोडाक्रोम 1935-36 लाच बाजारात आली. पण सुरुवातीला तिचा आयएसओ साधारण 10 होता (तुमचा मोबाईल रात्री हजारांत जातो), म्हणजे काम भरपूर उन्हातच. शिवाय ती धुणं इतकं किचकट, की गावातल्या स्टुडिओच्या आवाक्यातलं नव्हतंच. त्यामुळे वाड्यातल्या अंधाऱ्या खोलीतला, चालती माणसं स्पष्ट दिसणारा ‘1947 चा रंगीत फोटो’ आला, की मूळ फोटो ब्लॅक अँड व्हाइट समजा. एक तर कुणीतरी हाताने रंगवलाय, नाहीतर एआयने.

एआय काय करतं? ब्लॅक अँड व्हाइट फोटोत फक्त उजेड-अंधार उरलेला असतो. डीओल्डिफायसारखी (2018) मॉडेल्स लाखो रंगीत फोटो बघून शिकतात: गवत हिरवं, आभाळ निळं. मग तुमच्या फोटोत तोच अंदाज भरतात. रंग परत मिळत नाही, नवा ओतला जातो.

गणित करून बघा. रंगाचा करडा करायचं एक नेहमीचं सूत्र आहे: 0.299 लाल + 0.587 हिरवा + 0.114 निळा. लाल फेटा (200, 40, 40) घ्या, उत्तर 88. हिरवा फेटा (19, 136, 8) घ्या, उत्तर 86. आता ओळखून दाखवा! त्यात काही जुन्या फिल्म्सना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, त्यामुळे लाल लुगडं काळंच उमटायचं. संन्याशाची छाटी भगवी, हे आपल्याला फोटो न बघताही कळतं. मॉडेल तिला बिनधास्त तपकिरी करून मोकळं होतं.

तुम्ही म्हणाल, फेटाच तर आहे. पण तो काळ आठवा. रझाकारांचे अत्याचार, 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस ॲक्शन, आणि त्यानंतर मुसलमानांवर झालेली हिंसा. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत नांदेड आणि उस्मानाबाद दोन्ही होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. अशा वेळी अंगावरच्या कपड्यांवरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरवलं जायचं. झेंडा पिवळा असला तर निजामाचा असफजाही, नाहीतर तिरंगा. फोटोतल्या गर्दीला मशीनने चुकीचा रंग दिला, तर आज कमेंटमध्ये भांडणारी पोरं तोच पुरावा म्हणून नाचवतात. माझ्या मते अशा फोटोवर ‘रंग अंदाजाने भरले आहेत’ एवढं न लिहिणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

ओळखायचं कसं? बोटांच्या फटी बघा, कानाच्या कडा बघा. तिथे रंग सांडलेला असतो, किंवा एक हात रंगीत अन् दुसरा करडा असतो. सगळ्यांचे कपडे एकाच मातकट छटेचे असतील तर शंका घ्या. गूगल लेन्सवर टाका, बऱ्याचदा मूळ ब्लॅक अँड व्हाइट फोटोच सापडतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फाईलच्या डिटेल्समध्ये मात्र वेळ घालवू नका, ती माहिती पाठवतानाच गळून जाते.

आणि घरचा फोटो रंगवायचा असेल तर मूळ स्कॅन वेगळा ठेवा. काही टूल्समध्ये आपण ठिपका देऊन ‘इथे हा रंग’ असं सांगू शकतो. तो ठिपका देण्याआधी आजीला विचारा, लुगडं कोणत्या रंगाचं होतं. तिचं उत्तर फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, पेनाने नको, शाई पुढे उमटते.