कपात वरच्याची, खिसा खालच्याचा : हिंजवडीतल्या कंत्राटी तरुणांनी समजून घ्यावे असे गणित

हिंजवडीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क मुळशी तालुक्यात येतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून शिकून आलेली आपली मुले-मुली माण, मारुंजी, हिंजवडीत खोली घेऊन राहतात आणि तिथे कामाला जातात. त्यातल्या सगळ्यांनाच कंपनीचा पेरोल मिळत नाही. अनेकजण टेस्टिंग, डिझाइन, डेटा, सपोर्ट अशी कामे तासाच्या किंवा महिन्याच्या रेटवर, स्वतः बिल काढून करतात. कागदावर ते ‘व्यावसायिक’ असतात. मात्र मोठ्या ग्राहक कंपनीचा एक मेल आला की हा व्यवसाय किती स्वतंत्र आहे ते कळते. ‘पुढील महिन्यापासून सर्व कंत्राटी दरांत दहा टक्के कपात. मान्य असल्यास कळवा.’ मान्य नसेल तर काय, हे मेलमध्ये लिहिलेले नसते.

ही पद्धत नवी नाही. २००९ च्या जागतिक मंदीत मायक्रोसॉफ्टने मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सींकडे दरात दहा टक्के कपात मागितली आणि व्होल्ट या एजन्सीने ती आपल्या कंत्राटी कामगारांच्या मोबदल्यावर टाकली. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये ब्लिंकिटने प्रत्येक डिलिव्हरीचा किमान दर २५ रुपयांवरून १५ वर आणला, तेव्हा दिल्ली परिसरातील डिलिव्हरी कामगारांनी काम बंद केले होते. लॅपटॉपवर काम करणारा आणि दुचाकीवर काम करणारा यांचे दुखणे एकच आहे. दर ठरवणारा एक, दर सोसणारे हजार, आणि त्या हजारांची एकमेकांशी ओळख नाही.

दहा टक्क्यांचे पंचवीस कसे होतात?

कपात ‘फक्त दहा टक्के’ आहे असे सांगितले जाते. उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. ग्राहक कंपनी एका तासाचे १००० रुपये देते. पहिली एजन्सी त्यातले २०० ठेवते, दुसरी १५० ठेवते, आणि काम करणाऱ्याच्या हातात ६५० पडतात. आता कंपनीने दर ९०० केला. मधल्या दोघांनी आपला हिस्सा कमी केला नाही, तर शंभर रुपयांची सगळी कपात शेवटच्या माणसावर येते. त्याचा दर ५५० होतो, म्हणजे त्याच्यासाठी कपात १५ टक्क्यांहून जास्त झाली.

महिन्याला १६० तास धरले तर बिल १ लाख ४ हजारांवरून ८८ हजारांवर येते. खोलीभाडे, लॅपटॉपचा हप्ता, इंटरनेट, विमा, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे असा ४० हजारांचा खर्च ठरलेला असेल, तर हाती उरणारे ६४ हजार ४८ हजारांवर येतात. वर दहा टक्के, खाली पंचवीस टक्के. हे नुकसान जास्त काम करून भरून काढायचे म्हटले तर १६० ऐवजी १८९ तास राबावे लागते. म्हणून कपातीचा मेल आला की पहिला प्रश्न विचारावा: मधल्या एजन्सीने आपला हिस्सा किती कमी केला?

मध्यस्थाचा प्रश्न आपल्याला नवा नाही

कोकणातील खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला मध्यस्थ होता. सारा वर पोचवायचा, पण कुळाकडून किती घ्यायचे ते मात्र तो ठरवायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. आजच्या एजन्सीला आम्ही खोत म्हणत नाही. काम मिळवून देणे, वेळेवर पैसे देणे ही तिची खरी कामेही असतात. पण नफ्याचा वाटा मध्ये राहतो आणि तोटा खाली सरकतो, ही रचना ओळखीची आहे.

मुळशीच्या मातीतही असाच धडा आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. बुडणाऱ्या जमिनींवर हक्क असलेले पुण्यातले सावकार मोबदल्यावर राजी झाले आणि जमीन कसणारा मावळा एकटा पडला. वाटाघाटीच्या खोलीत जो नसतो, त्याच्या वाट्याचा निर्णय दुसराच घेतो.

‘करार दोघांच्या मर्जीने झाला, मग तक्रार कसली?’ असे विचारणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये उत्तर दिले आहे. त्यांच्या मांडणीचा सार असा, की ज्याच्यापुढे बेकारी उभी आहे तो अटी निवडत नाही, तो त्या सोसतो. आपल्या मुलांपैकी अनेकजण घरातली पहिली शिकलेली पिढी आहेत. तीन महिने बिनकामाचे काढायला वडिलांचा फ्लॅट किंवा मामाची फर्म त्यांच्या पाठीशी नाही. त्यामुळे त्यांचा होकार सर्वांत आधी येतो, आणि तोच इतरांना दाखवला जातो.

कायदा कुठे हात देतो, कुठे नाही?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ‘गिग कामगार’ची व्याख्या आहे, पण ती सामाजिक सुरक्षेपुरती. दर किती असावा हे ती सांगत नाही. किमान वेतनाचे संरक्षण कर्मचाऱ्याला असते, स्वतःचे बिल काढणाऱ्याला नाही. त्यामुळे पुढच्या कामाचा दर कमी देऊ करण्यापासून ग्राहकाला थेट रोखणारा कायदा फ्रीलान्सरच्या हाती नाही, हे आधी स्वीकारले पाहिजे.

पण झालेल्या कामाचे तसे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार कराराच्या अटी बदलायला दोन्ही पक्षांची संमती लागते. ठरलेल्या दराने पूर्ण केलेल्या कामाचे बिल नंतरच्या मेलने कमी होत नाही. मात्र करारातच ‘दर एकतर्फी बदलता येईल’ असे कलम असू शकते, म्हणून सही करण्यापूर्वी ते शोधा.

दुसरा आधार सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ चा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते आणि सेवा देणारी एकटी व्यक्तीही ती करू शकते. या कायद्याने लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. काम सुरू होण्यापूर्वीच नोंदणी केलेली बरी. ‘नवा दर मान्य करा, मगच जुने बिल काढू’ या दबावाला हे चांगले उत्तर आहे.

मग करायचे काय?

मेलला लगेच ‘ओके’ लिहू नका. झालेल्या कामाला जुनाच दर लागेल, हे आधी लेखी कळवा. पुढच्या कामासाठी दर कमी होणार असेल तर कामही कमी करून मागा: कमी तास, कमी जबाबदारी, किंवा १५ दिवसांत पैसे. कपात किती महिन्यांसाठी आहे, त्याची तारीख लिहून घ्या. एकाच ग्राहकावर सगळी कमाई अवलंबून असेल तर दुसरा ग्राहक शोधायला आजच सुरुवात करा, कारण नकार देण्याची ताकद तिथून येते.

आणि एकटे राहू नका. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास करार वाचायला ठेवता येईल. कोण पैसे वेळेवर देतो, कोणत्या करारात कोणते कलम आहे, याची माहिती एकमेकांना द्या. आपल्यातले वकील आणि सीए यांना तिथे बोलवा. एक सावधगिरी हवी: स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून एकच दर ठरवणे स्पर्धा कायदा, २००२ च्या कक्षेत येऊ शकते. त्यामुळे दरबांधणीआधी कायदेशीर सल्ला घ्या.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष लाभात वाटा देणे आणि वेळेवर विश्रांती देणे. काम करणाऱ्याचीही पाच कर्तव्ये तिथेच आहेत. म्हणजे हे नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. आपण प्रामाणिकपणे काम करतो तेव्हा ठरलेला मोबदला मागणे हा लोभ नाही, तो सम्यक आजीविकेचाच भाग आहे. आपल्यातले जे आज एजन्सी चालवतात किंवा मॅनेजर आहेत, त्यांनीही ही पाच कर्तव्ये वाचावीत. पुढच्या कपातीच्या वेळी शंभरातले निदान पस्तीस रुपये वरच अडवता येतात का, हे त्यांच्या हातात आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.