जुन्या गुलाबाचे फाटे कलम

देवळाच्या आवारात, विहिरीच्या काठी किंवा जुन्या वाड्याच्या परसात वर्षानुवर्षे फुलणारे गावठी गुलाबाचे झुडूप पुष्कळ गावांत आढळते. त्याच्या फुलाची ठेवण संकरित गुलाबाइतकी रेखीव नसते. परंतु सुवास दाट असतो आणि गुलकंदासाठी त्याच्या पाकळ्या उत्तम ठरतात. रस्ता रुंद होतो, वाडा पडतो, विहीर बुजते आणि झुडूप उपटले जाते. त्याचे नाव कोणास ठाऊक नसल्यामुळे ते रोपवाटिकेतून मागविताही येत नाही. झुडूप गेले, की त्या गावापुरता तो वाण संपतो.

१८६७ साली फ्रान्समध्ये निघालेल्या ‘ला फ्रान्स’ या वाणापासून आधुनिक गुलाबाची गणना करतात. त्यापूर्वीच्या वर्गांतील गुलाब ते जुने गुलाब. उत्तर प्रदेशात हाथरसच्या बाजूस अत्तर व गुलाबपाण्यासाठी लावला जाणारा दमास्क गुलाब त्यांपैकीच असून तो मार्च-एप्रिलमध्ये बहरतो. डोळा भरण्यासाठी खुंट म्हणून वापरला जाणारा एडवर्ड गुलाबही जुन्या कुळातलाच होय.

बियांपासून केलेल्या रोपात मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. डोळा भरलेल्या झाडाकडे दुर्लक्ष झाल्यास खुंटाचे फुटवे बळावतात आणि वरचा वाण मरतो. फाटे कलमाचे झाड स्वतःच्याच मुळांवर वाढते. म्हणून ते वरून वाळले, तरी बुडापासून येणारा फुटवा त्याच वाणाचा असतो.

कलमे पावसाळ्याच्या आरंभी किंवा ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळी करावीत. निरोगी झुडपावरील, फूल नुकतेच गळून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची पक्व फांदी निवडावी. शेंडे वाळणाऱ्या किंवा पानांवर पिवळ्या रेषा असणाऱ्या झुडपाची फांदी घेऊ नये. १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे, चार डोळ्यांचे तुकडे धारदार चाकूने करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली तिरपा, तर वरचा डोळ्याच्या वर एक सेंटिमीटरवर सरळ द्यावा. त्यामुळे लावताना खालवर ओळखता येते. उलटे लावलेले कलम फुकट जाते. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत.

मुळे लवकर यावीत म्हणून इंडोल ब्युटिरिक आम्लाच्या, लिटरला एक ग्रॅम प्रमाणाच्या द्रावणात खालचे टोक ५ ते १० सेकंद बुडवावे. हे आम्ल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालावे. ते न मिळाल्यास कलमे थोडी अधिक करावीत. गावठी गुलाब त्याविनाही मूळ धरतो.

दोन भाग नदीची वाळू व एक भाग कुजलेले पानांचे खत यांचा गादी वाफा सावलीत तयार करावा. दोन डोळे मातीत जातील अशा बेताने कलमे १० सेंटिमीटर अंतरावर लावून भोवतालची माती घट्ट दाबावी. झारीने पाणी द्यावे. वाफ्यात ओल असावी, पाणी साचू नये.

पुष्कळांची चूक येथूनच पुढे होते. दोन आठवड्यांत डोळे फुटतात आणि कलम लागले असे समजून ते उपटले जाते. हे कोंब फांदीतील साठविलेल्या अन्नावर फुटलेले असतात. मुळे येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर कलम हलवून पाहू नये. कळी आल्यास खुडावी. नवीन पालवी जोमाने वाढू लागली, म्हणजे हळूहळू उन्हाची सवय लावावी आणि सुमारे तीन महिन्यांनी मुळांभोवतीच्या मातीसह रोप कायमच्या जागी हलवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील अशा झुडपांची नोंद करावी आणि ‘देवळातला गुलाब’, ‘विहिरीवरचा गुलाब’ अशी जागेवरून नावे द्यावीत. प्रत्येकाची कलमे निदान तीन निरनिराळ्या परसांत लावून घ्यावीत. एका ठिकाणचे झाड गेले, तरी दुसऱ्या दोन ठिकाणी फांदी मिळेल. मात्र हे काम झुडूप हिरवे असतानाच झाले पाहिजे. उपटून वाळलेल्या फांदीला मुळे येत नाहीत.