टर्बो लावायचाय? आधी वही उघडा!

काटई-बदलापूर रोडवरची चहाची टपरी. रात्रीचे साडेदहा. एक छोटी हॅचबॅक झपकन निघून जाते आणि गिअर बदलताना 'प्शूऽऽ' असा आवाज येतो. टपरीवरच्या सगळ्यांच्या माना वळतात. "टर्बो लावलाय रे!" मग पुढचा अर्धा तास एकच विषय. आपल्या गाडीला बसवायला किती लागतील?

हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्येही आला. एका मित्राकडे सेकंड हँड, १.२ लिटर पेट्रोल स्विफ्ट आली. म्हणजे घेतली त्याच्या बाबांनी, आरसीवर नाव त्यांचंच. पठ्ठ्याने पार्टटाइम नोकरीतून पैसे साठवले आणि बजेट काढलं. बजेटमध्ये एकच ओळ होती : 'टर्बो'. मग आम्ही वही घेऊन बसलो, दोन-तीन गॅरेजवाल्यांचं डोकं खाल्लं आणि त्या एका ओळीची चार पानं झाली. तुमच्याही डोक्यात हे खूळ असेल, तर ही पानं आधी वाचा.

गणित काय सांगतं?

टर्बोमागचं तत्त्व सोपं आहे. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. स्विस इंजिनीअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. जास्त हवा आली की तेवढ्या प्रमाणात जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून ताकद वाढते.

१.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढू शकतं. ०.४ बार बूस्ट दिला तर कागदावर ४० टक्के जास्त हवा. मित्राच्या गाडीची मूळ ताकद ८३ पीएसच्या आसपास, म्हणजे कागदावर ११६. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून इंटरकूलर लागतो. वहीत दुसरी ओळ आली.

मग बूस्टच वाढवू की! तिथेच गोची आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच ११:१ च्या घरात आहे. त्यात आणखी हवा कोंबली की पेट्रोल ठरलेल्या वेळेआधी, चुकीच्या जागी पेट घेतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ते वाढलं की पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. कंपन्या टर्बो इंजिन बनवतात तेव्हा पिस्टन, कूलिंग, इंजेक्शन सगळं त्या हिशोबाने ठरवतात. आपण मात्र साध्या इंजिनावर ओझं लादत असतो.

वहीची चार पानं

पान पहिलं, इंजिनाची तब्येत. एक रुपयाही खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर टर्बोचं बजेट तिथेच इंजिनाच्या कामात जाणार.

पान दुसरं, पेट्रोल आणि ट्यूनिंग. हवा वाढली की मोठे इंजेक्टर लागू शकतात आणि ईसीयूचं ट्यूनिंग तर लागतंच. मिश्रण किती रिच किंवा लीन आहे हे दाखवणारा वाइडबँड सेन्सर आणि बूस्ट गेज या शोभेच्या वस्तू नाहीत. पैसे वाचवायचेच असतील तर सीट कव्हरवर वाचवा, ट्यूनिंगवर नको.

पान तिसरं, ऑइल आणि उष्णता. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तगतो फक्त ऑइलच्या जोरावर. ऑइलची येण्या-जाण्याची लाइन नीट नसेल तर नवा टर्बोही फुकट. गाडी जोरात पळवून लगेच बंद केली तर आतलं ऑइल करपतं. थांबल्यावर मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवायची सवय लावा. आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्यात, गाडी अर्धा तास सरकत नाही तेव्हा रेडिएटरचं काय होतं, तेही याच पानावर लिहा.

पान चौथं, थांबवण्याचा खर्च. क्लच, ब्रेक पॅड, टायर. ज्या गाडीला नीट थांबता येत नाही, तिला जास्त पळवण्यात काय पॉइंट आहे?

चार पानं भरली की बेरीज करा आणि त्यावर निदान एक तृतीयांश रक्कम राखीव धरा. पहिल्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी चुकतंच. बेरीज खिशाबाहेर गेली तर वाईट वाटून घेऊ नका. वहीतली बेरीज फाडून टाकता येते, फुटलेल्या पिस्टनचं बिल भरावंच लागतं.

'जुगाड' कुठे फसतो?

"कुर्ल्याला भंगारात डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळतो," हा सल्ला तुम्हालाही मिळेल. पण डिझेलपेक्षा पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट जास्त गरम असतो. डिझेलसाठी बनवलेला टर्बो ती उष्णता सोसेलच असं नाही. जुना टर्बो घेतलाच तर दांडा हाताने हलवून बघा. जाणवण्याइतका खेळ असेल किंवा कॉम्प्रेसरच्या बाजूला ऑइल साचलं असेल तर सरळ परत द्या.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. थंड हवा मिळावी म्हणून एअर फिल्टर बंपरच्या खाली नेण्याची फॅशन आहे. आता २७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. दर पावसाळ्यात आपले सखल रस्ते पाण्याखाली जातात. खाली लावलेल्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही, एवढं साधं कारण आहे.

आणि कायदा?

चार पानांनंतर आम्ही हे वाचलं आणि मित्र गप्पच झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किटची नोंद कल्याण आरटीओत होऊ शकते, तशी घरगुती टर्बोची होईल या भरवशावर राहू नका. शिवाय न कळवलेला बदल हे विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण ठरू शकतं.

कायद्यातला शब्द आहे 'मालक'. म्हणजे हौस आपली आणि नोटीस बाबांना.

मग हौस मारायची का?

मुळीच नाही. टर्बोच हवा असेल तर कंपनीतून टर्बो घेऊन आलेली गाडी शोधा. बलेनो आरएस किंवा पोलो टीएसआय आता बंद झाल्या, पण सेकंड हँड बाजारात त्यांना मागणी आहे. नव्यांमध्ये फ्राँक्सचं एक लिटरचं टर्बो इंजिन १०० पीएस देतं, तेही वॉरंटीसकट.

आणि बनवण्याचीच खाज असेल तर बदलापूरहून लोकल पकडा. विद्याविहारच्या के. जे. सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग इंडिया ही विद्यार्थ्यांची टीम स्वतःची रेसिंग कार डिझाइन करून बनवते. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत टर्बोला परवानगी आहे, फक्त पेट्रोल इंजिनाची हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून जावी लागते. आपल्या कॉलेजात अशी टीम आहे का, विचारा. नसेल तर सुरू करा. तिथे चुकलं तर नुकसान टीमच्या गाडीचं, शिकणं तुमचं.

आमच्या मित्राने काय केलं? कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलिंडर ठणठणीत निघाले. मग नवे टायर, ब्रेक पॅड, कूलंट आणि ऑइल. उरलेले पैसे बँकेत. टर्बोची वही त्याने अजून फेकलेली नाही. रोज सकाळी त्याच स्विफ्टने बाबा अंबरनाथ स्टेशनपर्यंत जातात. परवा म्हणाले, "गाडी आता छान थांबते रे." आवाज 'प्शूऽऽ' नव्हता, पण कॉम्प्लिमेंट भारी होती.