घटकेचा हिशेब

प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात माझा अर्थशास्त्राचा पेपर राहिला. घरी सांगितले तेव्हा वडील रागावले नाहीत. "दिवसभर तर पुस्तक घिऊन बसतीस, मग ऱ्हायला कसा?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे पेपर 'राहतो' म्हणजे काय हेही मलाच समजावून द्यावे लागले. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेतात दिवसभर राबले की संध्याकाळी किती सऱ्या भांगलल्या ते डोळ्यांना दिसते. माझे दिवसभराचे बसणे गेले कुठे? त्याचा शोध घेताना जे हाती लागले ते माझ्यासारख्या आणखी कोणाच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला उपाय मी केला तो सगळेच करतात तो. वेळापत्रक! पट्टीने रेघा मारून, लाल-निळ्या शाईत लिहून भिंतीला चिकटवले. पहाटे ५ ते ७ अभ्यास. पहिल्याच पहाटे नळाला पाणी आले. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते आणि कधी यायचे ते पाणीच ठरवते. दुसऱ्या दिवशी एस. टी. चुकली. तिसऱ्या दिवशी म्हैस व्याली. चौथ्या दिवसापासून मी त्या कागदाकडे बघणे सोडले. वेळेच्या नियोजनावरची पुस्तके वाचताना मला नेहमी वाटते की, ती लिहिणाऱ्याच्या दारात म्हैस नसावी. ज्याचा दिवस त्याच्या मालकीचा आहे त्याच्यासाठी ती ठीक आहेत. मुलीचा दिवस घरातले कोणीही एक हाक मारून मागून नेते.

मग मी नवे वेळापत्रक न करता आठ दिवस नुसते टिपण ठेवले. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर, पुस्तक उघडले केव्हा, उठले केव्हा आणि का उठले. टिपण वाचून लाज वाटली. पुस्तक हातात रोज चार-पाच तास होते. त्यात न उठता वाचलेला वेळ तासभरही भरत नव्हता. बाकीचा काळ हाकांत, मोबाइल उघडून बघण्यात आणि उठून आल्यावर तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचण्यात गेला होता. हाका माझ्या हातात नव्हत्या. मोबाइल मात्र माझ्याच हातात होता, हे कबूल केले पाहिजे.

याच दिवसांत माझे लक्ष आजीकडे गेले. तिने जन्मात मनगटी घड्याळ बांधले नाही. झुंजूमुंजू झाले, दिवस कासराभर वर आला, तिन्हीसांजा झाल्या, एवढेच तिचे घड्याळ. तरी तिचे काम कधी मागे पडत नाही. कारण तिचे एक काम दुसऱ्या कामाला बांधलेले असते. धार झाली की चूल, चूल झाली की अंगण. उशीर झाला तर सगळी माळ पुढे सरकते, पण तुटत नाही. मीही अभ्यास घड्याळाच्या काट्याऐवजी कामांना बांधला. भाकरी झाल्या की एक बैठक, एस. टी.त जागा मिळाली की एक, रात्रीची भांडी झाली की दोन.

बैठक किती वेळाची? आपल्या जुन्या कालमापनात दिवस-रात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले की घटका भरली. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग आपण आज वाईट अर्थाने करतो, पण मुळात तो साधा वेळेचा हिशेब होता. गंमत अशी की, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इटलीतील फ्रान्चेस्को चिरिलो या विद्यार्थ्यानेही अभ्यासात मन लागेना म्हणून स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात; त्यावरून ती पद्धत पोमोदोरो नावाने जगभर गेली. म्हणून 'आमच्याकडे हे आधीच होते' असे म्हणण्यात अर्थ नाही. घटका आपण अभ्यासासाठी केली नव्हती. पण आईला 'पोमोदोरो' सांगून कळले नसते; "घटका भरंस्तवर हाक मारू नगं" हे लगेच कळले. दोन तास मागितले असते तर तिने दिले नसते, आणि देऊ तरी कोठून शकली असती? एक घटका ती देते. मोबाइलवर २४ मिनिटांचा गजर लावायचा, तो पालथा करून फडताळात ठेवायचा आणि बसायचे. अशा पाच घटका झाल्या की दोन तास होतात.

असा तुकड्यातुकड्यांचा अभ्यास कच्चा राहील ही भीती मलाही होती. पण हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग वेगळेच सांगतात. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करी आणि किती विसरलो ते मोजी. तासाभरात निम्म्याहून अधिक आणि दिवसाभरात सुमारे दोन-तृतीयांश पाठांतर निसटल्याचे त्याला आढळले. एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून उजळणी केली तर कमी श्रमात लक्षात राहते, हेही त्याने दाखविले. तेव्हापासून पहाटेचा धडा मी एस. टी.त पुस्तक मिटून आठवते. न आठवेल तेवढेच उघडून पाहते.

घरच्यांशी वेळ वाटून घेण्याचे मला भावलेले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतले आहे. परळच्या चाळीतल्या छोट्या खोलीत जागा आणि शांतता दोन्ही नव्हती. तेव्हा मुलाने लवकर झोपावे आणि वडील रामजी यांनी त्याला रात्री दोनला उठवावे असा क्रम ठरला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. चरित्रात आपण त्यांचे जागरण वाचतो. मला त्याच्या जोडीला उठवणारे वडीलही दिसतात.

माझा राहिलेला पेपर पुढे सुटला, ५२ गुण मिळाले. पण सुगी आली की हा हिशेब कोलमडतो. गेल्या वर्षी ज्वारीच्या काढणीत आठवडाभर दिवसाला एकच घटका मिळाली, तीही डोळे मिटत असताना. परीक्षा नेमकी त्याच्या पुढेच असते. त्यावर उपाय मला अजून सापडलेला नाही. यंदा निदान अवघड धडे काढणीच्या आधी उरकायचे ठरवले आहे. आजीला तसे सांगितले तर ती म्हणाली, "औंदा ज्वारी लवकर निघंल, बघ."