आधी द्रव्य, मग औषध : गुरुवर्यांचे स्मरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रथमच येणाऱ्याच्या कानी पडतो तो यंत्रमागांचा खडखडाट. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या वसाहतीत काढ्याचा गंध दरवळावा, याचे पुष्कळांना नवल वाटे. वैद्याने केवळ चिठ्ठी लिहून न थांबता औषधही स्वतःच्या देखरेखीखाली सिद्ध करावे, हा आमच्या गुरुवर्यांचा आग्रह. त्या आग्रहापोटीच आम्ही काही शिष्य येथे येऊन स्थिरावलो. गेल्या वर्षी गुरुवर्य निवर्तले. आपल्याविषयी काही लिहिलेच तर त्यात नाव नसावे, ही त्यांची जुनी ताकीद येथे पाळली आहे.

नगर (आजचे अहिल्यानगर) येथे १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापन करणारे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे हे त्यांचे श्रद्धास्थान. शास्त्रीबुवांच्या ‘औषधिगुणधर्मशास्त्र’ या ग्रंथात कल्पांचा विचार दोष, दूष्य आणि रोगावस्था यांच्या आधारे केलेला आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. गुरुवर्य तो ग्रंथ आम्हांस भट्टीजवळ बसवून शिकवीत. औषध कोणत्या अवस्थेत द्यावयाचे हे ज्याला कळत नाही, त्याला ते कोणत्या पाकावर उतरवावे हेही कळणार नाही, असे त्यांचे मत होते.

एके वर्षी अशोकसालीच्या गोण्या आल्या. व्यापारी ओळखीचा, भाव माफक आणि अशोकारिष्टाची मागणी तोंडावर. गुरुवर्यांनी साल मोडली, चावली, थोडी उकळून पाहिली. अशोकाची अपेक्षित तुरट चव नाही, काढ्याला तांबूस वर्णही नाही. रस्त्याकडेला शोभेसाठी लावतात त्या आसोपालवाची ती साल होती. गोण्या परत गेल्या, संधानपात्रे रिकामी राहिली आणि काही जुने ग्राहक दुसरीकडे वळले. आमचे चेहरे पाहून गुरुवर्यांनी एकच विचारले : रक्तप्रदराच्या रुग्णेला हे अरिष्ट देऊन गुण आला नाही, तर तिचा वैद्य कोणावर संशय घेईल? तो स्वतःच्या निदानावर संशय घेईल, मात्रा वाढवील आणि रुग्णेचा रक्तस्राव चालूच राहील. कारखानदाराचे नाव त्यात कोठेच येणार नाही.

२००० साली शेड्यूल टी आले तेव्हा आमच्या व्यवसायात मोठी कुरकुर झाली. किमान १२०० चौरस फूट जागा, गुणनियंत्रण विभाग, प्रत्येक घाण्याच्या नोंदी. लहान औषधशाळांना हा भार खरोखरच जड होता, असे आमचे आजही मत आहे. गुरुवर्यांनी मात्र तक्रार केली नाही. भस्म वारितर व रेखापूर्ण आहे की नाही, अभ्रकभस्म निश्चंद्र झाले की नाही, हे ते स्वतः उन्हात धरून पाहत (सोलापुरात उन्हाची वानवा नाही!) आणि त्यानंतरही नमुना प्रयोगशाळेत पाठवीत. संधान पूर्ण झाल्याची खूण म्हणून पात्राच्या तोंडाशी धरलेली काडी तेवत राहते की विझते, हे नव्या कामगारालाही त्यांनी शिकविले होते.

नाकारलेल्या मालाची त्यांची वही आमच्याकडे आहे. द्रव्य, परत करण्याचे कारण आणि ओळखण्याची खूण, एवढेच तीत लिहिलेले आहे. व्यापाऱ्यांची नावे त्यांनी कोठेही घातलेली नाहीत. ज्या औषधनिर्मात्यांस ती पाहावयाची असेल त्यांनी कामाच्या वेळेत अवश्य यावे.